हे तुझ्यापुरतंच

जिझान
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

सुबोध,

फोनवर आपण दोन वाक्यं सरळ बोलत नाही. "काय ते लिहून पाठव, मी निवांत वाचीन," असं तूच म्हणालास, म्हणून लिहायला बसले. जेद्दाला गेल्यापासून वर्षभरात तू पहिल्यांदाच आपणहून विचारलंस, "तुझ्या शाळेत काय चाललंय?" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

चाललंय ते असं. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात तिसरीतली एक मुलगी बसमध्ये चक्कर येऊन पडली. इस्मत त्याच बसनं येते. औरंगाबादची इस्मत, केमिस्ट्रीची, जिच्या हातची ईदची बिर्याणी तू डब्यात भरून घेतली होतीस. तिनं त्या पोरीला उचलून आणलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. बसचा एसी जूनपासून बंद आहे आणि खिडक्या उघडत नाहीत. इथला उकाडा तुला सांगायला नको.

प्रिन्सिपल मॅडमनी मुलीच्या वडिलांना सांगितलं, "बच्ची नाश्ता करके नहीं आयी थी." इस्मतनंही तेच सांगावं, असं तिला सुचवलं. ती म्हणाली, "मॅडम, मैं झूठ क्यूँ बोलूँ? मेरी गोद में थी वो."

बसचं काँट्रॅक्ट मुनाफभाईंच्या मेहुण्याचं, आणि मुनाफभाई मॅनेजिंग कमिटीत. ते तुझे मित्र आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. शाळेत सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

यंदा स्टुडंट काउन्सिल माझ्याकडे आहे. आमच्या मुलींच्या विभागात वरच्या वर्गांत मुली थोड्याच, त्यामुळे काउन्सिलही लहानसंच. आजवर त्यांचं काम काय, तर पाहुण्यांना फुलं द्यायची आणि रांगा सरळ करायच्या. या वेळी निवडणूक झाली की पहिल्याच बैठकीत मुलींनीच बसचा विषय काढावा, असं मी ठरवलंय. त्याआधी त्यांनी लॅबमधला थर्मामीटर बसमध्ये न्यायचा, रोजचं तापमान टिपायचं आणि त्याचा आलेख करायचा. आलेखासाठी मी फक्त विभाशी बोलले. विभा म्हणजे आमची नवी गणिताची टीचर, सोलापूरची. इस्मतलाही अजून सांगितलेलं नाही. तेव्हा हे तुझ्यापुरतंच.

आपली रुचिरा हेड गर्लसाठी उभी आहे. विरुद्ध कोण, तर मुनाफभाईंची अरवा! दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. हल्ली खोलीत कुजबुजत असतात आणि मी गेले की गप्प होतात. विचारलं तर "नथिंग, आई."

जेवत जा वेळेवर.

आसावरी


जिझान
रविवार, १४ सप्टेंबर

सुबोध,

तुझं उत्तर मिळालं. "फार पुढे पुढे करू नकोस" एवढं एकच वाक्य, पण आलं तरी.

बुधवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.  हसून म्हणाल्या, "आसावरी मॅडम, थर्मामीटर लॅब में अच्छा लगता है. बस में नहीं." मी काही बोलायच्या आत त्यांनी सर्क्युलर पुढे केलं: लॅबमधली कुठलीही वस्तू परवानगीशिवाय बाहेर न्यायची नाही.

अजून एकाही मुलीला मी हे सांगितलं नव्हतं. थर्मामीटर कपाटातून हललासुद्धा नव्हता. म्हणजे हे माहीत कुणाला? मला आणि विभाला.

तेव्हापासून विभाचं एकेक आठवतंय. झेरॉक्सच्या निमित्तानं ती दिवसातून किती वेळा ऑफिसात जाते! मॅडमच्या मुलाला घरी जाऊन गणित शिकवते. तिचा इथे राहायचा परवाना, इकामा, शाळेच्या नावावर आहे, नवऱ्याची नोकरी गेलेली. अशा माणसाला कुणीही वाकवू शकतं. मी इस्मतला म्हटलं, विभासमोर जपून बोल. इस्मतनं बाकीच्यांना सांगितलं असावं. आज डबा खाताना विभा आली आणि सगळ्या एकदम पेपर तपासायला लागल्या. तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि निघून गेली.

वाईट वाटलं, पण करणार काय?

आता एक नवीन. बसच्या ड्रायव्हरनं इस्मतला सांगितलंय की एसीबद्दल त्यानं मालकाकडे उन्हाळ्यापासून तक्रार केली होती. त्याला गप्प बसवलं. वेळ आली तर पालकांसमोर बोलायला तो तयार आहे. या खेपेला मी शहाणी झालेय. हे फक्त इस्मतला आणि मला माहीत आहे. विभाच्या कानावर जाऊ दिलेलं नाही. हेही तुझ्यापुरतंच.

आसावरी


जिझान
रविवार, २८ सप्टेंबर

सुबोध,

बरेच दिवस लिहिलं नाही. तू दोनदा विचारलंस, "पुढे काय झालं?" पूर्वी तू शाळेचं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवायचास.

ड्रायव्हर गेला. त्याला अबू अरीशच्या कुठल्याशा कंपनीच्या गाडीवर पाठवलंय. फोन बंद. आणि इस्मतला मॅडमनी सांगितलं की डिसेंबरनंतर तिचं काँट्रॅक्ट वाढवणार नाहीत. कारण काय, तर "ज़रूरत नहीं है." दहावीच्या वर्षाच्या मध्यावर केमिस्ट्रीची जरूर संपली! इस्मत स्टाफरूममध्ये आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "खलास, आसावरी." तिचे वडील औरंगाबादला अंथरुणाला खिळलेत, औषधपाणी हिच्याच पगारावर चालतं. रडली नाही ती. मुलींच्या वह्या पुढे ओढल्या आणि तपासत बसली.

निवडणूक झालीच नाही. आदल्या दिवशी अरवानं नाव मागे घेतलं. रुचिरा बिनविरोध हेड गर्ल झाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण मला ते गोड लागलं नाही. अरवासारखी हट्टी मुलगी अशी माघार घेईल? मला वाटतं बापानं बसवली तिला. म्हणजे आमच्यावर उपकार आणि रुचिराचं तोंड बंद. मी रुचिराला विचारलं, "अरवा का गं हटली?" ती म्हणाली, "आई, प्लीज, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधू नकोस." माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मुनाफभाई घरी आले. हातात बसबूसाचा खोका. "वैनी, पोरगी हेड गर्ल झाली, तोंड गोड करा." बसले, आपल्या खेडच्या गोष्टी काढल्या. मग उठताना म्हणाले, "पुढल्या साली रुचिरा जेद्दाच्याच शाळेत जायची, नाय का? बरा होईल. सगळा घर एके ठिकाणी."

 रुचिराच्या जेद्दाच्या शाळेबद्दल या घरात एक शब्द झालेला नाही. तुला कुणी काही म्हणालं होतं का?

विभा अजून एकटीच डबा खाते. पण गेले दोन दिवस एक गोष्ट मला टोचतेय. ड्रायव्हरचं तिला माहीतच नव्हतं. तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं, तर तिला कळणार कुठून?

आणखी काही लिहीत नाही आज.

आसावरी


जिझान
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सुबोध,

आज सुरमई आणली. तुझ्या आवडीचं तिखलं केलं. रुचिरा म्हणाली, बाबा असते तर डोकं त्यांनीच घेतलं असतं.

एक सांगायचं आहे. आम्ही आता शाळेत काही बोलत नाही. येत्या मंगळवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर समुद्रकाठच्या कॉर्निशवरच्या बागेत बसमधल्या मुलांच्या आया जमणार आहेत. इस्मत सगळं सांगणार, मग त्या सगळ्या मिळून कमिटीवर जाणार. जागा घसरगुंडीजवळची, झोपाळ्यांच्या मागे. रुचिरालाही ठाऊक नाही. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, जुनी सवय.

हे तुझ्यापुरतंच.

तुझी
आसावरी


जिझान
मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुबोध,

आता घरी आले. चप्पल काढली आणि लिहायला बसले.

बागेत एकही आई जमणार नव्हती. मी इस्मतला काही सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. जगात ते वाक्य एकाच माणसाला लिहिलं होतं.

मी घसरगुंडीजवळच्या बाकावर बसले. समुद्रावरून वारा येत होता, चिकट, खारा. मनात म्हणत होते, कुणी येऊ नये. देवा, कुणी येऊ नये. सूर्य बुडेपर्यंत बसेन आणि घरी जाऊन सुबोधची मनातल्या मनात माफी मागेन, असं ठरवलं होतं. एक बंगाली माणूस झाडांना पाणी घालत होता. दोन मुलं घसरत होती.

मग पांढरी लँडक्रूझर आली. मुनाफभाई उतरले, झोपाळ्यांच्या मागे गेले, इकडे-तिकडे पाहिलं. त्यांच्या मागून शाळेच्या ऑफिसातला माणूस. मी हाक मारली, "मुनाफभाई, इकडे."

ते दचकलेच. "वैनी? तुमी एकट्याच?"

"एकटीच. बाकीच्या यायच्याच नव्हत्या. तुम्हांला कुणी सांगितलं?"

त्यांनी ऑफिसच्या माणसाला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. मग माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. 

"वैनी, तुमच्याशी खोटा नाय बोलवत," ते म्हणाले. "सुबोधभाई बोलले, आसावरीचा जीव त्या शाळेत अडकलाय. शाळेनं सोडल्याबिगर ती जेद्दाला यायची नाय. काय काय चाललंय ता मी तुमाला कळवत जाईन, तुमी मॅडमच्या कानावर घाला. मॅडम वैतागतील, तिला काढतील, मग घर एक होईल. मला वाटला, नवरा-बायकोचा मामला, आपण मदत करू."

"आणि मेहुण्याचं काँट्रॅक्टही वाचेल."

त्यांनी हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या.

"काढलं तर इस्मतला, मुनाफभाई. मला नाही."

"होय. तुमच्यावर हात टाकायला मॅडम कचरल्या, काउन्सिल तुमच्याकडे, रुचिरा हेड गर्ल... ती बाय मधल्या मधी गेली."

मधल्या मधी गेली! वर्षानुवर्षं मुलींना शिकवणारी बाई. पायाखाली येते मुंगी, तशी.

सुबोध, मी विभावर संशय घेतला. मॅडमवर घेतला, अरवावर, स्वतःच्या मुलीवर घेतला. माझ्या यादीत एकच नाव नव्हतं. थर्मामीटरचं माहीत असलेली माणसं दोन, असं मी तुलाच लिहिलं. तिसऱ्याला लिहून सांगत होते की दोघांनाच माहीत आहे, आणि तू ते वाचत होतास. वाचून हसलास का रे? मला हे खरंच जाणून घ्यायचंय.

विचार करून उत्तर दे. घाई नाही.

आसावरी


जिझान
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सुबोध,

तुझं उत्तर मिळालं. इतकं लांब तू मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतंस. "हसलो नाही," असं लिहिलंस, ते मी खरं धरते. "जे केलं ते घर एकत्र यावं म्हणून केलं," हेही कदाचित तुला खरंच वाटत असेल. पण जेद्दाहून जिझानला दीड तासात विमान येतं. समोर बसून "मला एकट्यानं राहवत नाही" म्हणाला असतास, तर मी काय केलं असतं कोण जाणे. भांडले असते बहुतेक. मग कदाचित आलेही असते. तू मला बोलवायचं सोडून हुसकवायला निघालास.

गेल्या शनिवारी पालकसभा झाली. तिची हकीकत मुनाफभाईंनी तुला सांगितली असेलच, पण त्यांच्या बाजूनं. माझ्या बाजूनं ऐक.

सभेत हेड गर्ल भाषण करते. भाषण आम्ही टीचर लिहून देतो, मॅडम तपासतात. या वेळी मॅडमनी स्वतः एक वाक्य घातलं होतं: आमच्या बस सुरक्षित आणि आरामदायी आहेत. मी रुचिराला म्हटलं, "तेवढं वाक्य गाळ, बाकी वाच." ती म्हणाली, "ओके, आई." इतक्या सहज की मला वाटलं, हिला काही पडलेलीच नाही.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत कमिटी. रुचिरा इंग्रजीत छान वाचत होती. बसच्या वाक्याशी आली आणि थांबली. कागद खाली ठेवला. मग हिंदीत बोलली, सगळ्या आयांना समजावं म्हणून: "ये लाइन मैं नहीं पढ़ूँगी, क्योंकि मैं उस बस से नहीं आती. जो आती हैं, उनसे पूछा नहीं गया. काउन्सिल ने तय किया है कि हम अभी जाकर बस में बैठेंगे. आप भी आइए. फिर आप ख़ुद बताइए."

ती स्टेजवरून उतरली आणि दाराकडे चालू लागली. काउन्सिलच्या सगळ्या मुली तिच्यामागे. मॅडम उठल्या, "रुचिरा, स्टॉप!" तोवर त्या बाहेर पडल्याही होत्या.

बस अंगणात उन्हात उभी होती. सगळ्यांत आधी कोण चढलं असेल? अरवा. रोज बापाच्या गारेगार गाडीतून येणारी अरवा खिडकीशी जाऊन बसली. मग बाकीच्या मुली. मग चक्कर आलेल्या त्या मुलीची आई, कडेवर धाकटं घेऊन. तिच्यामागून आणखी आया, चारदोन बाप. नव्या ड्रायव्हरनं कुणाच्या तरी सांगण्यावरून एसीचं बटण दाबलं. वरून धूळ पडली, बाकी काही नाही. मी दारातच उभी होते, तरी आतला उबारा तोंडावर येत होता. कडेवरचं मूल रडायला लागलं. कुणी ओढणीनं वारा घालत होतं. पण उतरत कुणी नव्हतं.

मुनाफभाई आले. "अरवा, उतर खाली."

"अब्बा, तुमी वर या."

"लोका बघतत. उतर म्हणतो ना!"

"म्हणूनच तुमी वर या ना, अब्बा."

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ते पायरीवर पाय ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चढले. तिच्या शेजारी बसले.  त्यांनी रुमालानं मान पुसली, कॉलरचं बटण काढलं, मग अरवाचं कपाळ पुसलं. उतरले आणि सगळ्यांसमोर मेहुण्याला फोन लावला. "गाड्या बदल, नायतर काँट्रॅक्ट सोड. आजच्या आज." या आठवड्यापासून दुसऱ्या कंपनीच्या गाड्या आल्यात. मुलं म्हणतात थंडी वाजते.

मुनाफभाई वाईट नाहीत. त्यांना ते एकदा अंगावर घ्यावं लागलं, एवढंच.

मी रुचिराला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू बाबांना लिहिलं असतंस," ती म्हणाली. "आणि अरवाला कळत होतं की तिच्या घरी सगळं आधीच पोचतं. म्हणून ती इलेक्शनमधून हटली. ती हेड गर्ल असती तर अंकलनी तिचं भाषण घरीच बदललं असतं. शी सेड, बोलणं तुझं, बसणं माझं."

मुलींनी सगळं ओळखलं होतं. मीच चुकीच्या दारावर कान लावून बसले होते.

इस्मतचं मात्र काही बदललं नाही. पालक कमिटीकडे जाऊन आले, कमिटीनं ऐकून घेतलं, बस्स. हाइलच्या एका शाळेनं तिला बोलावलंय, मुलाखत चांगली झाली म्हणते. तिथे हिवाळ्यात स्वेटर लागतो, म्हणून हसत होती. तिला मी तुझं सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शौहर तेरा है, फ़ैसला तेरा है. मुझसे मत पूछ." ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. मी तिला दोष देत नाही.

विभाची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, मॅडम. पण मी काय केलं होतं, हे कुणीतरी एकदा विचारायचं होतं. मी घरी जाऊन नवऱ्याला विचारायचे, माझ्या अंगाला वास येतो का?"  दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर डबा घेऊन बसले. तिनं शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली. तेवढंच झालंय अजून.

आता आपलं. माझा आणि रुचिराचा इकामा तुझ्या नावावर आहे, एप्रिलमध्ये संपतो. या दिवसांत तोही विचार येऊन गेला की तू तो वाढवलाच नाहीस तर? तू माझ्या पत्रांचं जे केलंस, त्यानंतर हा संशय घेण्याचा हक्क मला आहे. मी मॅडमना सरळ विचारलं, शाळा माझा इकामा आपल्या नावावर घेईल का? त्या म्हणाल्या, "सोचेंगे." नाही म्हणाल्या नाहीत. त्यांना आता माझी थोडी भीती वाटते. नाहीच जमलं तर मी रुचिराला घेऊन चिपळूणला जाईन, पण तिच्या मार्चच्या परीक्षेनंतर. जेद्दाला अशी येणार नाही. कुणी हुसकलं म्हणून तर नाहीच.

तू लिहिलंस, डिसेंबरात येऊ का. ये. शाळेजवळचं ते हॉटेल चांगलं आहे, तिथे उतर. घरी जेवायला ये. समोर बसून बोलू, भांडण झालं तरी चालेल.

हे पत्र मुनाफभाईंना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. कुणालाही दाखव.

एक राहिलं. तू दर गुरुवारी रुचिराला फोन करतोस ना, त्याचं तिनं मला काल सांगितलं. घरी कोण येतं, आई कुणाशी बोलते, हे तू तिलाही विचारायचास. म्हणून ती हल्ली फोन कापायची, आणि मी तिला तुझ्यावर रुसलीस म्हणून रागवायची. पुढच्या गुरुवारी ती फोन उचलेल, मी सांगितलंय तिला. ती कशी आहे, तेवढंच विचार. उत्तर यायला वेळ लागेल. थांब तोवर.

आसावरी